माणिकच्या डब्यातला तांदूळ

रुआता माझ्याकडे राहायला आला आणि पहिल्याच रविवारी त्याला उलट्या सुरू झाल्या.

मिझोरमचा पोरगा. वय चोवीस. पूर्ण नाव लालरेमरुआता, पण ते आमच्या चर्चमध्ये कुणालाच जमलं नाही. म्हाताऱ्या बायका त्याला लाल भैया म्हणायच्या. त्यांच्या चर्चच्या मंडळीने त्याला मिशनरी म्हणून लखनऊला पाठवलं होतं. मी नगर जिल्ह्यातला. लहानपणी मिशनरी म्हणजे गोरा, दाढीवाला, सायकलवरून फिरणारा म्हातारा, एवढंच आम्हाला ठाऊक. हा आला तो गिटार आणि एक पोतडीसारखी बॅग घेऊन, पावसात भिजत. दारात चपला काढल्या, त्या नीट भिंतीशी लावल्या आणि मला म्हणाला, "का पू."

का पू असं त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात. मला ते आधी माहीत नव्हतं. मी म्हटलं, "कापूस नाही, चटई आहे. बस."

लखनऊ त्याला परदेशच होता. रिक्षावाला विचारायचा, कौन से देश से? पहिले काही दिवस तो इंडिया म्हणून सांगत बसला. मग कंटाळला आणि "दूर से" म्हणायला लागला. त्याची आईही गावात सांगायची की माझा मुलगा परदेशात गेलाय.

मी विश्वास साळवे. इथल्या मानक नगरला रेल्वेच्या संशोधन कार्यालयात टेक्निशियन होतो. रिटायर झाल्यावर गावी परत जायचं की इथंच राहायचं यावर माणिकचं आणि माझं बरंच बोलणं झालं होतं. ती म्हणाली, इतकी वर्षं इथलं पाणी प्यायलोय, आता तिकडचं बाधेल. म्हणून कॉलनीमागच्या गल्लीत दोन खोल्या आणि वर एक खोली, एवढं घर घेतलं. वरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. आदल्या नोव्हेंबरात तिला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत ती गेली.

पादरी दानियाल साहब जुलैमध्ये माझ्याकडे आले. "विश्वास भाई, ऊपर वाला कमरा खाली है न?"

खाली नव्हता. मशीन होतं. पण मी हो म्हटलं.

खरं सांगायचं तर मला घरात बसवत नव्हतं. ती गेल्यापासून कुठेच बसवत नव्हतं. सकाळी उठलो की चहासुद्धा न घेता बूट घालायचो आणि चालत सुटायचो. आलमबागपर्यंत, कधी पुढे छावनीच्या रस्त्यांवर. तिकडे रस्ते रुंद आणि शांत, कुणी बोलायला येत नाही. तास दोन तासांनी परत. संध्याकाळी पुन्हा तेच. चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की मध्येच उठून बाहेर नळापाशी उभा राहायचो. दानियाल साहबांनी एकदा विचारलं, मेरी बात में कोई कमी है? मी म्हटलं, नाही साहेब, पायात कमी आहे.

भात मात्र रोज करायचो. माणिकची पितळी वाटी होती, काठाला चेपलेली. दोन वाट्या तांदूळ, दोन माणसांचा भात. तेच माप मी चालू ठेवलं. अर्धा भात गल्लीतल्या गाईला जायचा.

आता रुआताच्या उलट्यांचं. आमच्या चर्चमध्ये पद्धत अशी की नवा माणूस आला की दर रविवारी इबादतीनंतर एक घर त्याला जेवायला नेतं. पहिला मान पादरी साहबांच्या घरचा. त्यांच्या बायकोचं नाव नीलम, सगळे तिला नीलम भाभी म्हणतात. तिने मटण कोरमा केला होता, वर बोटभर तेल. सोबत शीरमाल, केशर घातलेली गोडसर रोटी. त्यावर खीर. रुआताकडे सगळं उकडून खातात. तेलाची बाटली महिनोन्महिने पुरते. त्याला शिकवून पाठवलेलं की समोर येईल ते खायचं, ताटात काही टाकायचं नाही. आणि लखनऊची रीत अशी की ताट रिकामं दिसलं की पाहुणा अजून उपाशी आहे. तो ताट साफ करायचा, नीलम भाभी पुन्हा वाढायची. हा पुन्हा साफ करायचा.

"अरे, लाल भैया को तो बहुत पसंद आया!" नीलम भाभी म्हणाली. "और दूँ?"

"थँक्यू," रुआता म्हणाला. त्याला वाटलं थँक्यू म्हणजे नको. तिला वाटलं थँक्यू म्हणजे दे.

घरी आल्यावर त्याने गल्लीच्या तोंडाशीच सगळं बाहेर काढलं. दुसऱ्या रविवारी दुसरं घर, निहारी, म्हणजे रात्रभर शिजवलेलं तेलकट मटण, आणि कुलचे. तिसऱ्या रविवारी पुरी, कद्दूची भाजी आणि कचोरी. सोमवारी तो जिन्याच्या पायरीवर डोकं धरून बसलेला असायचा. आणि जेवणाच्या वेळा. त्यांच्या गावात संध्याकाळी सहाला रात्रीचं जेवण आटोपतं. इथं चर्चमध्ये कुठलाही कार्यक्रम असला की जेवण दहाशिवाय नाही. सहा वाजल्यापासून तो भुकेने कासावीस व्हायचा आणि दहाला ताट आलं की भूक मेलेली असायची. मग त्यावर कोरमा.

तिसऱ्या सोमवारी मी त्याच्यासाठी मऊ भात केला. नुसता मीठ घालून. माणिकचा भाऊ संगमनेरला असतो, तो अकोले तालुक्यातून आंबेमोहोर आणून दर वर्षी आम्हाला एक कट्टा पाठवायचा. त्यातलाच तो तांदूळ. रुआताने पहिला घास घेतला, वास घेतला, आणि ताट दोन्ही हातांनी धरून बसला.

"का पू," तो म्हणाला, "ये घर के माफिक है."

दोन वाट्यांचा भात त्या दिवशी संपला. गाय दारात येऊन उभी राहिली आणि तशीच गेली.

त्यानंतर सकाळचा भात त्यानेच लावायचा असं ठरलं. मी त्या वेळी फिरायला गेलेलो असायचो. परत आलो की गॅसवर भात तयार. कधी त्याने पालक नाहीतर दुधी नुसता उकडून ठेवलेला, वर दोन हिरव्या मिरच्या. थंडी पडल्यावर बाजारात बथुआ आला, म्हणजे आपला चाकवत. तो त्याने तसाच उकडला, मूठभर तांदूळ घालून. मला ते बेचव लागायचं, पण मी खायचो. आजारपणात माणिक अशीच पातळ भाजी करायची.

सुरुवातीच्याच दिवसांत एकदा मी बूट घालत असताना तो स्वयंपाकघरातून काहीतरी हातात घेऊन आला. "का पू, ये ले लूँ?"

"हाँ, हाँ, लो," मी म्हटलं. बघितलंसुद्धा नाही. नाडी बांधली आणि निघालो.

पोरगा कष्टाळू होता. पण त्याला करायला काम नव्हतं. बाहेर कुठे जाऊन काही बोलायचं नाही असं दानियाल साहबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बेटा, ज़माना ठीक नहीं. जो करना है गिरजे के अंदर करो." आत काय करणार? संडे स्कूलला सहा मुलं, त्यातली दोन नीलम भाभीची. त्याच्या गावात अख्खं चर्च चार सुरांत गातं म्हणे. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. त्याने आमच्या लोकांना शिकवायला घेतलं. एका संध्याकाळी सगळ्यांना चार गटांत उभं केलं. सुरुवात झाली आणि चारही गट नीलम भाभीच्या सुरात गेले.

"भैया," नीलम भाभी म्हणाली, "हम लोग एक ही सुर में गाते हैं, और वो भी मिल जाए तो ख़ुदा का शुक्र करते हैं."

सगळे हसले. रुआताही हसला. पण घरी आल्यावर तो वर न जाता अंगणात फेऱ्या मारत राहिला. मी बाहेर जायला निघालो होतो. एका घरात दोन माणसं, दोघांनाही बसवत नाही. मी म्हटलं, चल. मग तोही माझ्याबरोबर फिरायला यायला लागला. संध्याकाळी. आम्ही फारसं बोलायचो नाही.

सप्टेंबरमध्ये आंबेमोहोराचा कट्टा संपला. मेव्हण्याने नवीन पाठवला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता. बहीण गेल्यावर त्याने कुणासाठी पाठवायचा? मी दुकानातून तांदूळ आणला. रुआताने त्याचाच भात लावला.

ऑक्टोबरमध्ये, छावनीच्या रस्त्यावर, तो चालता चालता म्हणाला, "का पू, मैंने बोर्ड को लिखा है. मेरे को वापस बुला लो. क्रिसमस के पहले जवाब आएगा."

बोर्ड म्हणजे त्यांचं मिशनचं ऑफिस. मी "अच्छा" म्हटलं आणि जोरात चालायला लागलो. त्याला माझ्याबरोबर येण्यासाठी जवळजवळ पळावं लागलं. तो जाऊ नये असं मला वाटत होतं. पण मी कोण त्याचा? घरमालक. तेही भाडं न घेणारा. त्याला थांब म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि थांब म्हणून तो थांबला तर कोरमा मी थोडाच खाणार होतो.

माझी मुलगी चेतना हैदराबादला असते. तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, वो तो जाएगा ही. आप भी इधर आ जाओ, यार. क्या रखा है वहाँ?"

"तुझ्या आईची वाटी आहे," मी म्हटलं.

"वाटी ले के आ जाओ."

नोव्हेंबर आला. माणिकला वर्ष झालं. आमच्याकडे पहिल्या वर्षी स्मरणार्थ प्रार्थना करतात आणि मग लोकांना जेवण. नीलम भाभी म्हणाली की बिर्याणी तिच्याकडून. मी म्हटलं, नाही, मसालेभात करायचा. माणिकच्या हातचा सगळ्या चर्चला माहीत होता. काळा मसाला नगरचा होता, थोडा शिल्लक. तांदूळ दुकानातला. ते मनाला लागत होतं, पण इलाज नव्हता.

त्या दिवशी सकाळी मी फिरायला गेलो नाही. रुआता मुलांची गाणी बसवायला चर्चमध्ये गेला होता. मी मोठं पातेलं काढायला कपाटाच्या खालच्या फळीत हात घातला. मागे पत्र्याचा मोठा बिस्किटांचा डबा होता, झाकणावर मोराचं चित्र. माणिकचा. नाताळचा चिवडा ती त्यात ठेवायची. तो मी वर्षभर उघडला नव्हता. ओढला तर जड लागला. उघडला. काठोकाठ तांदूळ.

वास घेतला. आंबेमोहोर.

मी फरशीवर बसलो. बऱ्याच महिन्यांत मी असा बसलो नव्हतो. तिने ठेवला असणार. तिची सवयच ती, थोडं थोडं बाजूला काढून ठेवायची. साखर, रवा, शेंगदाणे. आणि आज, तिच्याच दिवशी, तो माझ्या हाती यावा. मला रडू आलं आणि ते लवकर थांबेना. मग उठलो, तो सगळा तांदूळ धुतला, दुकानातला त्यात मिसळला आणि मसालेभात केला. डबा धुऊन खिडकीत उपडा ठेवला.

दुपारी प्रार्थना झाली. माझ्या घरात चाळीसेक माणसं, काही अंगणात. दानियाल साहबांनी दुआ केली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलणारा माणूस नाही. एवढंच म्हटलं की आजचा चावल माणिकने आपल्या हाताने जपून ठेवलेला आहे, जाण्याच्या आधी, तिच्या डब्यात. आज तीच तुम्हाला वाढते आहे असं समजा. बायका डोळे पुसायला लागल्या. नीलम भाभी तर हमसून रडली.

रुआता दाराशी उभा होता. तो खिडकीकडे बघत होता. उपड्या डब्याकडे.

जेवणं सुरू झाली. मी सगळ्यांना स्वतः वाढत होतो. रुआताच्या ताटात जास्तच वाढलं. थोड्या वेळाने बघतो तर त्याने रायतं खाल्लं होतं, काकडी खाल्ली होती, आणि भात तसाच. एक शीत मोडलं नव्हतं. मी परत गेलो तोवर त्याने ताट हळूच नीलम भाभीच्या लेकाकडे सरकवलं होतं. सगळ्यांनी बघितलं. चर्चमध्ये कधी ताट न टाकणारा मुलगा, कोरमा खाऊन आजारी पडणारा, त्याने माणिकचा भात टाकला.

लोक गेल्यावर मी त्याला अंगणात गाठलं. संध्याकाळचं ऊन होतं.

"क्यों नहीं खाया?"

"का पू, पेट..."

"पेट का नाम मत लो. सुबह चार केले खाए हैं. पेट ठीक है."

तो वाकून चपला भिंतीशी नीट लावायला लागला.

"आंटी का चावल था. आखिरी. मी सगळ्यांसमोर सांगितलं." रागात माझं मराठी आणि हिंदी एक झालं. "सब लोग देख रहे थे. तुला माहीत नाही का, आज कौन सा दिन था?"

"मालूम है."

"फिर?"

त्याने पायाने मातीत रेघ ओढली. मग म्हणाला, "वो आंटी का नहीं है. वो चावल मैंने रखा था."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"रोज पकाने के पहले एक मुट्ठी," तो म्हणाला. हाताची मूठ करून दाखवली. "मेरा गाँव में सब घर करता है. सुबह एक मुट्ठी, शाम एक मुट्ठी. अलग डब्बा में. औरत लोग आके जमा करता है, चर्च बेचता है, और उससे मिशनरी को भेजता है. मेरे को भी. मैं इधर पकाता था तो हाथ अपने आप... डब्बा खाली था. मैंने आपसे पूछा. आप हाँ-हाँ बोला."

"और खाया क्यों नहीं?"

"जो निकाल दिया वो प्रभु का हो गया. वो हम लोग नहीं खाते. भूखा रहे तो भी नहीं. मैं बोलना चाहता था, पण आप सबके सामने आंटी का नाम बोल दिया. फिर कैसे बोलूँ?"

तो "पण" म्हणाला. माझ्याकडून उचललेला शब्द.

मी आत गेलो. बूट घातले आणि बाहेर पडलो. पाय नेहमीपेक्षा जोरात चालत होते. मला लाज वाटत होती. चाळीस माणसांना मी खोटं सांगितलं. माणिकने काहीच ठेवलं नव्हतं. ती तापात होती, तिला कुठलं सुचतंय डबे भरायला. मलाच तसं हवं होतं. छावनीत एका भिंतीपाशी दम लागून थांबलो. तेव्हा ध्यानात आलं. कट्टा संपला तोवर डबा भरतच आला असणार, त्यामुळे दुकानातला तांदूळ अगदी वरवर होता. खालचा सगळा आंबेमोहोर. म्हणजे माणिक असताना आलेल्या त्या कट्ट्यातला. तो आम्ही दोघांनी सप्टेंबरमध्येच खाऊन संपवला असता. या पोराने रोज मूठ मूठ बाजूला काढली म्हणून तो उरला. माणिकचा तांदूळ तो होताच. फक्त ठेवणारा दुसरा होता.

परत आलो तेव्हा तो पायरीवर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो.

"मेरा मम्मी का घुटना खराब है," तो आपणहूनच बोलायला लागला. "वो भी निकालता है. दो टाइम. पड़ोसी का घर में चावल कम है, वो भी निकालता है. और मैं इधर क्या करता है? छह बच्चा को दो गाना सिखाया. बाकी टाइम पेट पकड़ के बैठा. इतना औरत लोग का मुट्ठी खाके. मैं उन लोग को क्या मुँह दिखाऊँ, का पू? इसलिए बोला, वापस बुलाओ."

मी म्हटलं, "तुम आए तब से मैं गाय को चावल नहीं डालता."

"गाय?"

"हाँ."

त्याला कळलं नाही. मला समजावता आलं नाही. तो म्हणाला, "गाय के लिए मेरे को नहीं भेजा."

"नहीं," मी म्हटलं. "वो तो है."

दुसऱ्या दिवशी मी फिरायला गेलो नाही. डबा खिडकीतून काढला, पुसला, फळीवर ठेवला. दोन वाट्या तांदूळ घेतला आणि त्यातली एक मूठ डब्यात टाकली. पत्र्यावर दाणे वाजले. रुआता दात घासत होता, तो ब्रश तोंडात ठेवून बघत राहिला.

"का पू, इतना बड़ा मुट्ठी?"

"माझा हातच मोठा आहे."

"फिर हम लोग भूखा रहेगा."

"राहू दे. तुझ्या प्रभूचं देणं आहे माझ्यावर. डबाभर."

तो हसला. पण त्याचं जाणं काही टळलं नाही. बोर्डाचं उत्तर डिसेंबरच्या सुरुवातीला आलं. नाताळला घरी ये, मग पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय, ते दोघांनाही कळत होतं. त्याने गिटारच्या तारा सैल केल्या. वरची खोली झाडली. माणिकच्या मशीनवर चादर घातली, त्या मशीनकडे मी वर्षभर बघितलं नव्हतं.

चारबागला मी पोचवायला गेलो. धुकं होतं, गाडी उशिरा होती. नीलम भाभी पादरी साहबांना घेऊन आली होती, हातात मोठं पुडकं. "शीरमाल है और कोरमा है, सूखा वाला. गुवाहाटी तक चलेगा. रास्ते में भूखे मत रहना."

"थँक्यू," रुआता म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड फिरवलं, नाहीतर हसलो असतो.

ती दोघं चहा घ्यायला गेल्यावर मी पिशवीतून कापडी थैली काढली. माणिकने शिवलेली, पापड ठेवायची. त्यात डब्यातला तांदूळ होता. जास्त नव्हता. डब्याचा तळ जेमतेम झाकला होता.

"हे तुमच्याकडे जमा कर."

त्याने हात मागे घेतला. "ऐसा नहीं होता, का पू. औरत लोग घर-घर जाके लेता है. मैं नहीं ले सकता."

"मग आईला दे. ती घेईल. सांग, लखनऊचं एक घर आहे."

त्याने थैली घेतली. गिटारच्या खोक्यात, गिटारच्या मानेखाली ठेवली. गाडी आली, गर्दी झाली, तो चढला. खिडकीतून त्याने हात केला की नाही ते धुक्यामुळे दिसलं नाही.

मग पुन्हा पूर्वीसारखं. सकाळी चालणं, संध्याकाळी चालणं. नाताळच्या इबादतीत मुलांनी त्याची दोन गाणी म्हटली, सगळी एकाच सुरात. मी शेवटपर्यंत बसलो, कारण मुलं सारखी माझ्याकडे बघत होती. चिवडा केला नाही. भात मात्र दोन वाट्यांचाच लावत होतो, आणि आधी मूठ काढत होतो. उरलेला अर्धा भात पुन्हा गाईला. ती वेळेवर यायची. चेतनाचा फोन आला की तेच. बाबा, कब आ रहे हो? मी म्हणायचो, बघू. एकदा तर बॅगही काढली. मग परत ठेवली.

वर्ष संपता संपता सकाळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी नुकताच तांदूळ काढत होतो. पडद्यावर रुआता, डोक्यावर लोकरी टोपी. मागे लाकडी भिंतींचा मोठा हॉल, बायकांची गर्दी, पोती, एक वजनकाटा.

"सलाम, का पू! पेट ठीक है," तो ओरडला. "पूरा ठीक."

मग त्याने सांगितलं. त्याच्या आईने थैली जमा केली. जिच्याकडे नोंद असते त्या बाईने विचारलं, कुठल्या घरचा? आई म्हणाली, लखनऊचा. सगळ्या बायका जमल्या. म्हणाल्या, आम्ही तिकडे पाठवतो ते ठाऊक आहे, तिकडून कधी आला नव्हता. तांदूळ हातात घेऊन बघितला. मग सगळ्या याच्याकडे वळल्या. काय झालं, सांग. याला सगळं सांगावं लागलं. उलट्या, चार गट, मोराचा डबा, माझी प्रार्थना, त्याचं न खाणं, सगळं.

"मम्मी बात करेगा," तो म्हणाला.

पडद्यावर एक बुटकी बाई आली. गुडघ्यावर हात ठेवून बसली आणि माझ्याशी बोलायला लागली. एक अक्षर कळलं नाही. मी आपला "हाँ जी, हाँ जी" करत राहिलो. मागच्या बायका ऐकत होत्या.

रुआता म्हणाला, "मम्मी पूछता है, आपका घर में कितना आदमी का चावल पकता है?"

मी हातातल्या वाटीकडे बघितलं. चेपलेला काठ. दुसरी वाटी आधीच पातेल्यात पडली होती.

"दो," मी म्हटलं.

त्याने आईला सांगितलं. ती काहीतरी बोलली, थोडक्यात. मागे सगळ्या बायका हसल्या. रुआताचे कान लाल झाले.

"काय म्हणते?"

त्याने टोपी कानांवर ओढली. "बोलता है, तो फिर दूसरा आदमी इधर क्या कर रहा है."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला. तोच म्हणाला, "बोर्ड को बोल दिया है, का पू. जनवरी में आता हूँ. मशीन का बाजू में मेरा चटाई रखना. लेकिन एक बात है. खाना छह बजे."

"सहा म्हणजे चहाची वेळ," मी म्हटलं. "आठ."

"साढ़े छह."

"सात. आणि रविवारी नीलम भाभीला तूच सांगायचं."

"क्या बोलूँ?"

"थँक्यू म्हणू नकोस," मी म्हटलं, आणि पातेल्यातली मूठ काढून डब्यात टाकली.